फर्मवेअर अपडेट फसले, सर्व्हर उठेना : खर्च किती आणि कोणत्या क्रमाने

चांदूर रेल्वेत सर्व्हर बहुधा टेबलाखाली सापडतो. पतसंस्थेत व्यवस्थापकाच्या पायाशी, जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या खोलीत, दवाखान्यात रिसेप्शनच्या मागे फायलींच्या कपाटाला टेकून. दिसायला साध्या कॉम्प्युटरच्या डब्यासारखाच. पण संध्याकाळी पिग्मी एजंटांनी आपापली मशिने जोडली की दिवसभराची वसुली त्याच्यात उतरते आणि कापसाच्या हंगामात काट्यावर चढलेल्या प्रत्येक गाडीची पावती त्याच्यातूनच निघते. तो एक दिवस बंद राहिला तरी गावभर कळते.

बंद पडायची कारणे पुष्कळ आहेत. त्यातल्या एकात बिघाड लहान असतो आणि बिल मोठे येते : फर्मवेअरचे अपडेट अर्धवट राहणे. अपडेट चालू असताना लाइन जाते, चुकीच्या मॉडेलची फाइल टाकली जाते, किंवा स्क्रीन बराच वेळ काळी दिसली म्हणून कुणीतरी घाबरून बटण दाबतो. मग पंखे जोरात फिरतात, स्क्रीनवर काही येत नाही आणि पाहायला आलेला माणूस पाच मिनिटांत निकाल देतो, "बोर्ड गेला भाऊ, नवाच टाका लागते." कागदावर चाळीस-पन्नास हजारांचा आकडा येतो आणि संस्थेचे पदाधिकारी मान हलवतात, कारण दुसरे काही सुचवणारा तिथे कुणी नसतो.

हा निकाल बऱ्याचदा घाईचा असतो. बोर्ड बदलण्याआधी तीन-चार पायऱ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या फुकट आहेत आणि नंतरच्या काही हजारांत भागतात. त्या क्रमानेच चढायच्या, एकही गाळायची नाही आणि कोणत्याही पायरीवर हार्ड डिस्कला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

या लेखातले दर ढोबळ आहेत आणि जीएसटी सोडून आहेत. दुरुस्तीच्या सेवेवर आणि सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी धरायचा. म्हणजे ४० हजारांचा बोर्ड प्रत्यक्षात ४७,२०० रुपयांना पडतो. ज्या संस्थेला इनपुट क्रेडिट मिळत नाही, तिने हाच आकडा खरा मानावा.

बिघाड कुठे असतो

सर्व्हर चालू होताना सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो, तो विंडोज किंवा लिनक्स नसतो. मदरबोर्डवर करंगळीच्या नखापेक्षा लहान अशी एक चिप असते, बहुतेक वेळा आठ पायांची, मोठ्या बोर्डांवर कधी सोळा पायांची. तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ एमबी. तिच्यात बायॉस असतो. मेमरी किती, डिस्क कुठे, सुरुवात कुठून करायची हे सगळे तोच ठरवतो. अपडेट म्हणजे या चिपमधला जुना मजकूर पुसून नवा लिहिणे. पुसून झाले आणि लिहिणे अर्ध्यावर राहिले, की बोर्डाला उठायचे कसे हेच कळत नाही. बोर्डाचे बाकी भाग धडधाकट असतात, जळलेले काहीच नसते.

ग्राहकाला याहून महत्त्वाची गोष्ट ही की खातेदारांची नोंद, टॅलीचा डेटा, रुग्णांचे रिपोर्ट या चिपमध्ये नसतात. ते डिस्कवर असतात आणि बायॉसच्या अपडेटमध्ये डिस्कवर काही लिहिले जात नाही. त्यामुळे अपडेट फसल्यावर कुणी पहिल्याच भेटीत 'डेटा रिकव्हरी'चे कोटेशन हातात ठेवले, तर ते बाजूला ठेवावे. तो खर्च या बिघाडाचा नाही.

जगाला हा बिघाड नवा नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने असंख्य कॉम्प्युटरच्या डिस्कवर रद्दी मजकूर लिहिला आणि जिथे जमले तिथे बायॉसची चिपही पुसली. त्या काळच्या अनेक बोर्डांत चिप सॉकेटमध्ये बसवलेली असे. ती उपटायची, दुसरीकडे भरून आणायची आणि परत बसवायची. आता चिप बोर्डाला डाग देऊन जोडलेली असते. तरी ती पुन्हा भरता येते, ही गोष्ट पंचवीस वर्षांत बदललेली नाही.

आधी खरेच फसले का, ते पाहा

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

सर्व्हरचे बायॉस अपडेट झाल्यावर पहिल्यांदा सुरू होताना तो घरच्या कॉम्प्युटरपेक्षा खूप वेळ घेतो. मेमरीची प्रत्येक पट्टी नव्याने तपासतो, आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होतो, पंखे पूर्ण वेगाने फिरवतो. दहा-पंधरा मिनिटे स्क्रीन काळी राहू शकते, मेमरी जास्त असेल तर त्याहून जास्त. याच वेळेत घाबरून वीज तोडली की चांगले चाललेले अपडेट खरोखर फसते. म्हणून अर्धा तास घड्याळ लावून बसायचे आणि सर्व्हरला हात लावायचा नाही.

दुसरा प्रकार असा की सर्व्हर सुरू होतो, कंपनीचे चिन्ह दिसते, पण पुढे 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश येतो. लोक म्हणतात डिस्क गेली. बहुतेकदा अपडेटने बायॉसमधल्या सेटिंग मूळपदावर आणलेल्या असतात. आधी डिस्क रेड पद्धतीने, म्हणजे अनेक डिस्कचा एक संच करून, जोडलेल्या होत्या, आता सेटिंग एएचसीआयवर गेली आहे, किंवा यूईएफआयच्या जागी जुनी लेगसी पद्धत आली आहे. सेटिंग पूर्वीसारखी केली की विंडोज उठते. हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्याला व्हिजिट चार्जपेक्षा एक रुपया जास्त देऊ नये. एवढे मात्र लक्षात ठेवा : रेडच्या स्क्रीनवर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दिसले तर 'इम्पोर्ट' निवडायचे असते, 'क्लिअर' नाही. आणि 'इनिशियलाइज' हा शब्द दिसला की हात मागे घ्यायचा. बायॉसच्या बिघाडाने न गेलेला डेटा या एका क्लिकने जातो.

तिसरा प्रकार बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाचा. डिस्क कुलूपबंद असेल तर फर्मवेअर बदलल्याचे टीपीएम चिपच्या लक्षात येते आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. यात बिघाड काहीच नाही, कुलूप आपले काम करते आहे. ही की कागदावर छापून ठेवलेली असेल, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल किंवा संस्थेच्या डोमेन सर्व्हरवर. ती नसेल तर डिस्क कुणालाच उघडता येत नाही. पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

चौथा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य. सर्व्हरवर दूरून लक्ष ठेवणारी वेगळी चिप असते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. तिचे अपडेट फसले तर पंख्यांचा आवाज वाढतो, लाल किंवा पिवळा दिवा लागतो, पण विंडोज अनेकदा चालूच राहते. अशा वेळी आधी बॅकअप घ्या, दिवसाचे काम उरका आणि दुरुस्ती रविवारवर ढकला. गर्दीच्या दिवशी तातडीचे चार्ज देऊन काही साधत नाही.

फुकटच्या पायऱ्या

अर्धा तास झाला आणि स्क्रीन खरेच काळी आहे. आता दोन्ही पॉवर केबल काढा, पाच मिनिटे थांबा, पॉवरचे बटण वीसेक सेकंद दाबून धरा, केबल लावा आणि पुन्हा थांबा. एवढ्याने सुरू झालेले सर्व्हर थोडे नाहीत. झाकण उघडून नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी काढून घालणे आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेला जंपर बदलून सेटिंग पुसणे ही पुढची पायरी. बॅटरी जुनी असेल तर बदलाच, पन्नासेक रुपयांची वस्तू आहे. वॉरंटी चालू असेल तर मात्र झाकण उघडण्याआधी कंपनीला फोन करा.

यापुढची पायरी सर्व्हर कोणत्या कंपनीचा यावर ठरते. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर बायॉसची फाइल 'सुपर.रॉम' या नावाने पेनड्राइव्हवर टाकून, कंट्रोल आणि होम ही बटणे धरून चालू केले की बोर्ड स्वतःला भरून घेतो. एचपीईच्या प्रोलायंटमध्ये बायॉसची दुसरी प्रत बोर्डावरच राखलेली असते आणि मुख्य प्रत बिघडली की तिच्यावर जाता येते. आयएलओ जिवंत असेल तर लॅपटॉप नेटवर्क केबलने त्याच्या पोर्टला जोडून, ब्राउझरमधून बायॉस पुन्हा चढवता येतो. मुख्य सर्व्हर उठत नसला तरी आयएलओ आपल्या वेगळ्या चिपवर चालत असतो. त्याचा पासवर्ड सर्व्हरवरच्या ओढून काढायच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर छापलेला असतो. आलेल्या टेक्निशियनला पहिला प्रश्न हाच विचारा : "राखीव रॉम पाहिला का? आयएलओ, आयड्रॅक उघडून पाहिला का?" उत्तर चाचपडत आले तर बोर्ड गेल्याचा त्याचा निकालही तेवढाच कच्चा समजावा.

फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायची. इथे एक अडचण येते. एचपीने २०१४ पासून प्रोलायंटचे सिस्टिम रॉम वॉरंटी किंवा सपोर्ट करार चालू असलेल्यांपुरते ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या सर्व्हरसाठी लोक इकडून-तिकडून फाइल मिळवतात आणि चुकीच्या फाइलने एकाचे दोन बिघाड होतात. करार नसेल तर ज्या विक्रेत्याकडे अधिकृत प्रवेश आहे त्याच्याकडून काम करून घ्या आणि फाइल कुठून घेतली हे जॉबशीटवर लिहून घ्या.

वॉरंटी असेल तर

डब्यावरचा स्टिकर पाहा. डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो, तर एचपीईवर सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी किती तारखेला संपते हे दिसते. विक्रेता काय म्हणतो यापेक्षा ही तारीख खरी. वॉरंटी चालू असेल आणि कंपनीचीच फाइल कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने टाकली असेल, तर तक्रार नोंदवताना तसे स्पष्ट सांगा, केस नंबर घ्या आणि तोवर स्थानिक दुकानात डबा उघडू देऊ नका. दुसऱ्याने चिप भरायचा प्रयत्न केला आणि बोर्ड खरचटला, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

'दुसऱ्या कामाच्या दिवशी ऑनसाइट' असे करारात लिहिलेले असले तरी मोठ्या शहरापासून लांबच्या गावांना एक-दोन दिवस जास्त लागतात, तेवढे धरून चाला. पत्ता सांगताना एक काळजी घ्या. आपल्या जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. चांदूर रेल्वेचा पिन ४४४९०४ आणि चांदूर बाजारचा ४४४७०४, फक्त एका आकड्याचा फरक. एक अमरावतीच्या आग्नेयेला, दुसरे उत्तरेला. कॉल सेंटरवरच्या माणसाला हे माहीत असण्याचे कारण नाही. पिन अंक-अंक सांगून परत म्हणवून घ्या, नाहीतर बोर्ड एका चांदूरला उतरतो आणि इंजिनिअर दुसऱ्या.

पैसे मोजायची वेळ आली तर

वॉरंटी संपली आहे आणि फुकटच्या पायऱ्या झाल्या आहेत. आता पहिला खर्च व्हिजिटचा. अमरावतीहून सर्व्हरचे काम जाणणारा माणूस बोलावला तर साधारण ५०० ते १,५०० रुपये आणि वर लागलेल्या वेळाचे. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असेल तर व्हिजिट त्यात धरलेली असते, फर्मवेअरचे काम मात्र पुष्कळदा नसते. करार वाचा.

त्यापुढची पायरी चिप भरण्याची. हे काम लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर रोज करतात. अमरावतीत असे कारागीर आहेत आणि नागपूरला त्याहून जास्त. ते कसे चालते हे ग्राहकाला माहीत असलेले बरे. बोर्डाची वीज तोडतात, चिपवर आठ दातांची क्लिप बसवतात, क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला येईल अशी. क्लिप एका छोट्या प्रोग्रामरला आणि तो लॅपटॉपला जोडतात. आधी चिपमधला मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का ते पाहतात, कारण क्लिप हलली असेल तर वाचन चुकते. ही बिघडलेली प्रत जपून ठेवावी लागते, कारण बोर्डाचा सिरियल नंबर आणि अनेक बोर्डांवर नेटवर्कचा मॅक पत्ताही तिच्यात असतो. तो कोऱ्या फाइलने पुसला गेला तर मॅक पत्त्यावर बांधलेले सॉफ्टवेअरचे लायसन्स नंतर अडते. मग नवा मजकूर लिहितात आणि पडताळतात. सगळे नीट जमले तर प्रत्यक्ष काम तासाभराचे.

दर साध्या डेस्कटॉप बोर्डाला ५०० ते १,५०० आणि सर्व्हर बोर्डाला २,००० ते ५,००० रुपये धरावा. सीएच३४१ए नावाचा जो प्रोग्रामर यासाठी सर्रास वापरतात, तो क्लिपसकट पाचेकशे रुपयांत मिळतो. म्हणजे आपण पैसे यंत्राचे देत नाही, हाताचे देतो, आणि म्हणून हात पाहूनच काम द्यावे. पारख करायची तर विचारा, "चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८?" नव्या बोर्डांवर १.८ व्होल्टच्या चिप येतात आणि त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो. या स्वस्त प्रोग्रामरची एक आवृत्ती तर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडते. या प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्याला काम द्या.

सगळ्याच सर्व्हरना ही पायरी लागू नाही. २०१७ पासूनच्या एचपीई जेन१० मालिकेत आयएलओ स्वतः बायॉसची सही तपासतो आणि सही जुळली नाही तर चालू करत नाही. तिथे चिपशी खटपट करण्यापेक्षा आयएलओच्या वाटेनेच जावे लागते. कारागिराला मॉडेल आधी फोनवर सांगा, म्हणजे फेरी वाचेल.

डबा नेताना डिस्क सोबत पाठवायच्या नाहीत. ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. प्रत्येक डिस्कवर कागदी टेप लावून कप्प्याचा नंबर लिहा, ०, १, २ असा. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग डिस्क काढून कपाटात कुलपात ठेवा. बायॉस जिवंत झाला की नाही हे पाहायला डिस्क लागत नाहीत. परत आल्यावर त्याच क्रमाने बसवा. रेडची मांडणी डिस्कवरच नोंदलेली असते, त्यामुळे ती ओळखली जाते. खातेदारांची नावे, आधार क्रमांक, सह्या असलेल्या डिस्क नागपूरच्या एखाद्या दुकानात काउंटरवर पडून राहणे संस्थेला शोभत नाही आणि परवडतही नाही.

चिप भरूनही उठला नाही तरच बोर्ड. वापरलेला, तपासलेला बोर्ड मॉडेलप्रमाणे १० ते ४० हजार, नवा कंपनीचा ४० हजारांपासून लाखाच्या पुढे. इथे थांबून हिशेब करा. पाच-सहा वर्षांच्या जुन्या सर्व्हरला ५० हजारांचा बोर्ड घालण्यापेक्षा त्यात थोडी भर टाकून लहान नवा टॉवर सर्व्हर घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते, कारण नव्याला वॉरंटी असते आणि जुन्याचे पॉवर सप्लाय व डिस्कही त्याच वयाचे असतात. बोर्ड बदलला तर सोबतचे खर्चही धरा. टॅलीचे लायसन्स नव्या हार्डवेअरवर पुन्हा सक्रिय करावे लागू शकते. सर्व्हरसोबत आलेले ओईएम विंडोज त्या बोर्डाला बांधलेले असते, वॉरंटीबाहेर बोर्ड बदलल्यावर त्याचा प्रश्न उभा राहतो. काढलेला जुना बोर्ड परत मागून घ्या. तो तुमचा आहे आणि त्याची चिप पुढे भरता आली तर सुटा भाग म्हणून कामी येईल.

तोवर काम चालवायचे कसे

सर्व्हर चार दिवस अडकला तर संस्था चार दिवस बंद ठेवायची गरज नाही. कालचा बॅकअप असेल तर तो कार्यालयातल्याच एखाद्या चांगल्या डेस्कटॉपवर चढवून तात्पुरते काम चालते. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस हे दूरून करून देतो. २ ते ५ हजार रुपये आणि एक दिवस लागतो. हे आधी करा आणि दुरुस्तीचा सौदा नंतर शांतपणे करा. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना माणूस कोणत्याही कोटेशनवर सही करतो आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

बॅकअप नसेल, तरीही घाबरू नका. डिस्क शाबूत आहेत. साधी जोडणी असेल तर एक डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला फक्त वाचण्यापुरती जोडून फोल्डर काढता येतो. रेड कंट्रोलरवर असेल तर त्याच जातीचा कंट्रोलर लागतो. खरी डेटा रिकव्हरी प्रयोगशाळा, जिथे एकेका डिस्कचे ५ ते १५ हजार आणि रेडच्या संचाचे २५ हजारांपासून लाखापर्यंत मागतात, ती डिस्क स्वतः बिघडली असेल किंवा कुणी 'इनिशियलाइज' दाबले असेल तेव्हाची गोष्ट.

कागद

तोंडी व्यवहार करू नका. जॉबशीटवर मॉडेल, सिरियल नंबर, सोबत दिलेल्या वस्तू, 'डिस्क दिलेल्या नाहीत' हे वाक्य, तपासणीचा दर आणि 'या रकमेपुढे विचारल्याशिवाय काम करू नये' असा आकडा लिहून सही घ्या. काम झाल्यावर जीएसटी बिल, चिपमधून काढलेली मूळ प्रत पेनड्राइव्हवर आणि बदललेले भाग परत.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि अमरावतीला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीला फी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नाही, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी चालवलेला छोटा व्यवसाय बसतो. झेरॉक्स-नेट सेंटरवाला, लॅब चालवणारा, एकटा डॉक्टर यांनी हे लक्षात ठेवावे. मोठ्या जिनिंगला मात्र हातातला करारच वाचवील.

मग अपडेट करूच नये का

हा प्रश्न प्रत्येक संस्थेत निघतो आणि त्याचे उत्तर देणे भाग आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केले की त्यांच्या काही एसएसडी डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतात. म्हणजे अखंड चालू ठेवल्यास ३ वर्षे २७० दिवस ८ तास. चूक डिस्कच्या फर्मवेअरमध्ये होती आणि उपायही फर्मवेअरचे अपडेट हाच होता. एकाच दिवशी बसवलेल्या दोन डिस्क जवळपास एकाच वेळी मरणार, म्हणजे रेडचा आधारही निकामी. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही डिस्कबद्दल ४०,००० तासांचा असाच इशारा आला. २०१७ मध्ये आयएलओ ४ मध्ये असा दोष सापडला होता की ठरावीक जागी 'ए' हे अक्षर २९ वेळा पाठवले की पासवर्डाशिवाय आत जाता येत होते. अपडेट न करणाऱ्याचे दार उघडे राहिले. तेव्हा अपडेट करायचेच, पण सुरक्षेचे किंवा अशा दोषाचे कारण असेल तेव्हा, आणि तयारीने.

तयारीचा खर्च दुरुस्तीपेक्षा कमी आहे. चांगला ऑनलाइन यूपीएस १० ते २० हजारांत येतो. महावितरणची लाइन चैत्र-वैशाखात वादळवाऱ्यात कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून अपडेटच्या आधी सर्व्हर खरोखर यूपीएसवर अर्धा तास चालतो का हे प्लग काढून पाहा. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर तिच्यावर विसंबू नका. ४ टीबीची बाहेरची डिस्क दहा-बारा हजारांत येते. तिच्यावर बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा, कारण न उघडणारा बॅकअप हा बॅकअप नाही. बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर तात्पुरता थांबवा, की छापून तिजोरीत ठेवा. जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर उडी चालते का हे कंपनीच्या सूचनांत वाचा, काही मॉडेलना मधली आवृत्ती आधी लागते. दिवस रविवारचा, वेळ सकाळची, म्हणजे बिघडलेच तर संध्याकाळपर्यंत माणूस मिळतो. मार्च अखेरीस आणि कापसाच्या भर हंगामात अपडेटला हात लावू नका.

ज्यांच्या टेबलाखाली आज सर्व्हर चालू आहे, त्यांनी आजच दोन कामे करावीत. डब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून दोन जणांच्या मोबाइलवर ठेवावा आणि एएमसीच्या करारात फर्मवेअरचे काम धरले आहे की नाही हे शोधावे. नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी त्याची एक ओळ आणि दर लिहून घ्यावा.